रिकाम्या गावांचा शुक्रवार

आमच्या ह्यांना कतारचा उत्तर भाग पालथा घालायचं वेड लागलं ते एका भिंतीपायी. ही भिंत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या फ्रेंच जोडप्याच्या हॉलमधली. तो ह्यांच्याबरोबर प्लांटवर होता आणि ती परदेशी मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोह्यात संध्याकाळी करायचं काय, हा सगळ्यांनाच पडलेला प्रश्न असायचा. टीव्हीवर जे लागायचं ते कळायचं नाही, आणि बाजारात जाऊन जाऊन किती जाणार? तर एकदा त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं, दिवे मालवले आणि त्या भिंतीवर आपल्या मुलखाच्या स्लाइड्स दाखवल्या.

फ्रान्स म्हणजे पॅरिस, एवढीच माझी मजल. पण भिंतीवर पॅरिस आलंच नाही. आली ती खेडी. एक नदी, फार मोठी नाही, आपल्याकडच्या ओढ्यापेक्षा जरा थोराड, आणि तिच्या प्रत्येक वळणावर एक गाव. दगडी पूल, त्याखाली बदकं, अक्रोडाची झाडं, कौलांवर चढलेलं शेवाळ, दारात खुर्ची टाकून वाटाणे सोलणारी म्हातारी. ती दोघं लग्नानंतर त्या नदीकाठाने पायी हिंडली होती, या गावाहून त्या गावाला, कुणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर झोपून. ती प्रोजेक्टरच्या पुढे येऊन बोटाने दाखवायची आणि बोटाची सावली नदीत पडायची. हे माझं आजोळ, इथे मी पोहायला शिकले, इथे आमची गाय वाहून गेली, असं बरंच काही.

हे गप्प. एरवी कुणाच्या घरी गेलं की ह्यांना आवरावं लागतं. ह्यांचं गाव नाशिकच्या पुढे, गोदावरीच्या काठी. सुट्टीत गेलं की आधी नदीवर, मग घरात, अशी ह्यांची रीत. जिना उतरताना म्हणाले, "आपल्याला इथे येऊन इतकी वर्षं झाली. या देशातलं एक खेडं तरी बघितलंय का आपण?"

"बघायला आधी खेडं असावं लागतं," मी म्हटलं.

झालं! चिडवायला म्हणून बोलले ते अंगाशी आलं. पुढच्या शुक्रवारपासून आमचं हिंडणं सुरू झालं.

मी मुळातच काळजीखोर. माझी आई म्हणायची, हिला काळजी करण्यासारखं काही नसलं की ही त्याचीच काळजी करते. तेव्हा दोहा मागे पडून दोन्ही बाजूंना सपाट, मातकट, दगडगोट्यांचा माळ सुरू झाला की माझे प्रश्न सुरू व्हायचे. पेट्रोल पुरेल ना? स्टेपनीत हवा आहे ना? पाण्याचा कॅन गळत तर नाही? हे मजेत गाणी म्हणत गाडी हाकायचे. आमची लेक सात वर्षांची, मागच्या सीटवर आडवी पडून चित्रांची पुस्तकं वाचायची. मी पुढे मांडीवर डबा घेऊन बसायचे, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं, आणि रस्त्याकडे डोळे लावून. जसा काही माझ्या बघण्यानेच तो रस्ता जागेवर राहणार होता.

उत्तरेकडे जाणारा डांबरी रस्ता एकच. तो पार टोकाला मदिनत अश शमालला जातो. शमाल तेव्हा नवीन वसत होतं. सरकारने तिथे घरं बांधली, वीज दिली, नळ दिले, दवाखाना दिला, आणि समुद्रकाठच्या जुन्या खेड्यांमधली माणसं भांडीकुंडी उचलून तिकडे राहायला आली. खेडी होती तिथेच राहिली. ती बघायला आम्ही जायचो. डांबर सोडून कच्च्या वाटेला लागायचं, गाडीच्या पोटाला दगड लागले की मी "अहो, हळू" म्हणायचं, आणि मग अचानक समोर निळा समुद्र आणि त्याच्या काठाला भिंतीच भिंती. समुद्रातल्या दगडांच्या, चिखलाने लिंपलेल्या. छपरं कुठे होती, कुठे बसली होती. दारं काढून नेलेली. हे एकेका घरात शिरून सांगत सुटायचे, की ही चूल, हा रांजणाचा कोनाडा, इथून वारा यायला ही फट ठेवली आहे बघ. लेक खिडक्यांमधून आत-बाहेर करायची. आणि मी गाडीजवळ, किल्ल्या मुठीत धरून.

माणसं नसलेलं गाव बघायची मला सवय नव्हती. आपल्याकडे गाव म्हटलं की कुत्रं तरी अंगावर येतं. त्या शांततेची मला भीती वाटायची, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ह्यांनी हसण्यावारी नेलं.

एकदा मात्र माणूस भेटला. आम्ही एका घराच्या ओट्यावर डबा उघडून बसलो होतो आणि पिकअपमधून एक म्हातारा अरब उतरला. माझ्या हातातली पुरी हातातच राहिली. परक्याच्या घरात शिरलेलो, आता हा पोलिसांना बोलावणार, कंपनीला कळणार, व्हिसा जाणार, लेकीची शाळा सुटणार, इथपर्यंत मी पोचलेसुद्धा. म्हातारा शांतपणे आत गेला, चटई घेऊन आला, थर्मासातून इवल्याशा कपांत कॉफी ओतली आणि आमच्यासमोर धरली. ते घर त्याचंच होतं. शमालला मुलाकडे राहायला गेला होता, पण शुक्रवारी नमाज झाला की इथे येऊन बसायचा. ह्यांच्या मोडक्यातोडक्या अरबीत दोघांचं छान जमलं. लेकीने दोनदा "शुक्रान" म्हणून आभार मानले तर त्याने तिला खजुराची अख्खी पिशवीच दिली. गावामागे एक खोलगट जागा होती, तिथे बोरीसारखी चार काटेरी झाडं उभी होती. तिकडे बोट करून म्हातारा काहीतरी सांगायला लागला. हाताने वरून पाऊस पाडून दाखवला, मग तो हात खोलगट जागेतून समुद्राकडे लांबवर नेला.

"अगं, इथे पाणी वाहतं!" हे माझ्याकडे वळून म्हणाले. "पाऊस पडला की वाहतं म्हणे."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखत होते. सुट्टीत गावी गेल्यावर एस.टी. पुलावर आली की तेच यायचं. त्यानंतर ज्या ज्या गावी आम्ही गेलो, त्या त्या गावामागचा खोलगट भाग हे शोधायला लागले आणि पाणी कुठून येत असेल, कुठे जात असेल, याचे अंदाज बांधायला लागले. गावांची नावं ह्यांना पाठ. मी एकही लक्षात ठेवलं नाही. माझ्या हिशेबी ते विहिरीचं गाव, ते मोडक्या मशिदीचं गाव, ते जिथे लेकीला काटा लागला ते गाव.

त्या वर्षी थंडीत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या आणि त्याबद्दल विमान कंपनीने आपले आभार मानायला हवेत, असा त्यांचा एकंदर सूर होता. मला त्या आवडायच्या. धीट बाई. पण त्यांचे शकुन-अपशकुन त्या बॅगेत घालून घेऊन आल्या होत्या. त्यातला मुख्य म्हणजे, निघणाऱ्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम होत नाही, नसतं विघ्न येतं. फारच वाटलं तर "लांब का?" म्हणायचं, आणि जाणाऱ्याने "येतो" म्हणून पायरी उतरायची. आमच्याकडेही हे होतंच, पण माझ्या माहेरी कुणी एवढं मनावर घेत नसे. ह्यांच्या घरी मात्र तो कायदा. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात घरातून निघताना कुठे जातोय ते सांगितलं नाही आणि त्यांना कुणी विचारलं नाही. हे त्याच घरात वाढलेले. आजवर प्रश्न आला नव्हता, कारण ह्यांच्या प्रत्येक भटकंतीत मी शेजारच्या सीटवर होते.

वरच्या फ्रेंच बाईची तऱ्हा बरोबर उलटी. ती दोघं दक्षिणेला वाळूच्या टेकड्यांकडे निघाली की ती आमची बेल वाजवायची, कुठल्या रस्त्याने जाणार, कुठे वळणार, कधी परतणार ते सगळं सांगायची आणि वर म्हणायची, "अंधार पडेपर्यंत आलो नाही तर माणसं पाठवा." वाळवंटात जाणारे सगळे गोरे लोक असंच करत. सासूबाई आल्यावर ती अशीच एकदा सांगून गेली. मी त्यांना मराठीत अर्थ सांगितला तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"निघताना असं अभद्र बोलतं का कुणी? माणसं पाठवा म्हणे! हिला शिकवलं नाही वाटतं काही आईने."

मग एक दिवस दोह्यात पाऊस लागला. इथे पाऊस म्हणजे रस्त्यांना गटारं नाहीत, पाण्याला जायला वाट नाही, चौकाचौकांत तळी. दोन दिवस धो धो पडला आणि शुक्रवारी सकाळी लख्ख ऊन. हे पहाटेच उठून चहा करून बसले होते. मी समजले. सासूबाईंना सर्दीने ताप होता, त्यामुळे मला हलता येणार नव्हतं.

"आय अ‍ॅम गोइंग विथ बाबा," लेकीने जाहीर केलं. तिला सगळं मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची.

मी डबा भरून दिला, पाण्याचा कॅन दिला. ह्यांनी बूट घातले. मी दारात उभी राहून म्हटलं, "पण आज नक्की कु..."

"अगं!" आतून सासूबाई ओरडल्या, आणि तशा तापातही उठून बाहेर आल्या. "पाऊल बाहेर टाकताना काय विचारतेस? लहान पोर आहे बरोबर." त्यांनी मुलाच्या आणि नातीच्या हातावर साखर ठेवली. हे माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसले. "येतो," म्हणाले. "जेवायला येतोच. यल्ला, चला!"

लेकीने खालून हात हलवला आणि पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळली.

मी भात टाकला, आमटी केली, वांग्याचं भरीत केलं. दुपारची वेळ झाली, टळली. भात निवला. मी म्हटलं, रमले असतील. पुन्हा म्हटलं, रमले असतील. सासूबाईंना वाढते म्हटलं तर त्या म्हणाल्या, येऊ दे त्यांना. मग मला राग यायला लागला, कारण राग आला की भीती जरा मागे सरते. येऊ देत, चांगली बोलते, एवढ्याशा पोरीला उन्हात उपाशी ठेवायचं म्हणजे काय, वगैरे सगळं भाषण मी गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून तयार केलं. खाली गाडी थांबली की गॅलरीत धावायचं. दरवेळी दुसऱ्याच कुणाची तरी. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली तेव्हा भाषण आपोआप बंद पडलं.

सासूबाई पलंगावर माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला होता की मी त्या खोलीत थांबले असते तर तोंडातून काहीतरी गेलं असतं. मी चपला घालून वर गेले.

दार तिने उघडलं. नवरा मागे टेबलाशी वाचत होता. मी सांगितलं. ती लगेच म्हणाली, "कुठे गेलेत?"

"उत्तरेला."

"उत्तरेला कुठे? कुठल्या गावाला? कुठल्या वाटेने वळणार होते?"

"माहीत नाही."

"तू विचारलं नाहीस?" तिने अगदी साधेपणाने विचारलं. दुखवायचा हेतू नव्हता तिचा.

आता हिला कुठल्या इंग्रजीत सांगायचं? आमच्यात निघणाऱ्याला विचारत नाहीत, विचारलं तर वाईट होतं, म्हणून विचारलं नाही. मी तसंच सांगितलं. शब्द तोंडातून बाहेर पडताना मला ते ऐकू येत होते. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, ठीक आहे, ठीक आहे. नवरा तोवर जीपची किल्ली, फावडं, दोर आणि दोन फळ्या घेऊन दारात आला होता. त्याने मला गावांची नावं विचारली. मी म्हटलं, विहिरीचं गाव, मोडक्या मशिदीचं गाव, काटा लागला ते गाव. बिचाऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "तू बरोबर चल."

त्याची बायको सासूबाईंपाशी बसायला खाली आली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी निघाले तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या, भिंतीला धरून. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता तरी 'कुठे' म्हणून विचारतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "दोघांना घेऊनच ये गं."

जीपमध्ये मी एकसारखी बाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला पावसाने जागोजागी पाणी साठलं होतं आणि दोह्यातली कुटुंबं ते बघायला गाड्या काढून आली होती. सतरंज्या टाकून चहा चालला होता, पोरं पाण्यात नाचत होती. प्रत्येक पांढऱ्या गाडीवर माझा जीव उडी मारायचा. त्यांच्यात ते असावेत आणि मी त्यांना तिथल्या तिथे फटकावून काढावं, असं मी देवाला मागत होते. ऊन पिवळं व्हायला लागलं. थंडीत तिथे सूर्य फार लवकर जातो.

शमालच्या पेट्रोल पंपावर एक मल्याळी पोरगा होता. मी खिडकीतून हिंदीत ओरडून विचारलं, "सफेद गाडी, इंडियन आदमी, साथ में छोटी बच्ची?"

"हाँ, सुबह आया," तो म्हणाला. "बच्ची को बिस्कुट लिया. उधर गया." आणि त्याने पश्चिमेला समुद्राकडे हात केला.

बिस्किटं घेतली म्हणाला आणि मला रडू फुटलं. फ्रेंच माणसाने गाडी चालू केली.

मोडक्या मशिदीच्या गावात कुणी नव्हतं. हॉर्न वाजवला, हाका मारल्या. भिंतींमधून हाक परत यायची तेव्हा ती लेकीचीच वाटायची. पुढे विहिरीचं गाव, जिथे तो म्हातारा भेटला होता. तिथे ओल्या मातीत चाकांचे माग होते, पण बरेच होते, एकमेकांवरून गेलेले. आमच्या गाडीचे कुठले ते मला काय कळणार? म्हाताऱ्याचा ओटाही रिकामा. फ्रेंच माणसाने सूर्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आपण आता शमालला परत जाऊन पोलिसांना सांगू, ते उजाडल्यावर लोक लावतील, अंधारात इथे आपणही हरवू. तो बरोबर बोलत होता. 'उजाडल्यावर' हा शब्द ऐकला आणि मी जीपला टेकून उभी राहिले.

तेव्हा मला ते दिसलं. घरांच्या मागच्या खोलगट भागात ती काटेरी झाडं बुंध्यापर्यंत पाण्यात होती, आणि त्या तळ्याच्या एका कडेने पाणी बाहेर पडत होतं. हातभर रुंद, मातकट, दगडांमधून वाट काढत चाललेलं. इतक्या वर्षांत त्या देशात मी पाहिलेलं ते पहिलं वाहतं पाणी. आवाजसुद्धा येत होता त्याचा.

"हे पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. खाली कुठेतरी."

"मग ते तिकडेच आहेत. माझ्या नवऱ्याला पाणी दिसलं की ते कुठे जातं ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गावी पुराच्या मागे कोसभर चालत जातो हा माणूस."

त्याने पाण्याच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "आमच्याकडेही कुणी हरवलं तर आधी नदीच्या खालच्या अंगाला जातात." आणि जीपमध्ये चढला.

पाण्याच्या काठाने आम्ही निघालो. वाट अशी नव्हतीच. मी अर्धी खिडकीबाहेर, पाण्यावर नजर ठेवून. ते मध्येच पसरायचं, मध्येच दगडांखाली गडप व्हायचं, मग पुढे पुन्हा चकाकायचं. मी मनातल्या मनात त्याला बाबापुता करत होते, की थांबू नकोस, आटू नकोस, ने मला. सूर्य टेकला होता. शेवटी जमीन अगदी सपाट झाली, पांढरट, मिठाचा थर आलेली, आणि पाणी त्याच्यावर पातळ पसरून गेलं. फ्रेंच माणसाने करकचून ब्रेक लावला. ही समुद्रालगतची खारी जमीन. वरून घट्ट दिसते, कोरडी असली तर गाडी पेलते, पण पाऊस झाला की खाली नुसता राडा. तो एक हातभरसुद्धा पुढे जायला तयार नव्हता.

दूर, त्या पांढऱ्यात, आमची गाडी होती. एका बाजूला कललेली, दारांपर्यंत रुतलेली. आत कुणी दिसत नव्हतं.

मी पळत सुटले. तो मागून ओरडत होता, दगडांवरून जा, दगडांवरून जा. चपला कुठेतरी चिखलात राहिल्या. काय काय मनात आलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. गाडीजवळ पोचले तेव्हा पलीकडून खरवडल्यासारखा आवाज आला. हे गुडघ्यावर बसून डब्याच्या झाकणाने चाकाखालचा चिखल काढत होते. नखांतून रक्त आलेलं, ओठ फुटलेले, डोक्यापासून पायापर्यंत मातीचे. आणि पुढच्या काचेला टेकून, बॉनेटवर, बापाचा कोट पांघरून लेक बसली होती. हातात बिस्किटाचा पुडा. चेहरा अगदी कोरडा. दिवसभरात एकदाही रडली नव्हती ती.

मला बघून तिला आनंद बिनंद झाला नाही. ती वैतागली होती.

"आई! व्हॉट टुक यू सो लाँग?"

मी तिला उचलून छातीशी धरलं. ती माझ्या खांद्यावरून तक्रार करतच होती, "आय किप्ट आस्किंग बाबा. ही सेड, डोन्ट वरी, आईला सगळं माहीत आहे आपण कुठे आहोत ते, ती येईलच."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ओट्यापाशी तयार केलेलं भाषण, जीपमध्ये त्याला जोडलेलं आणखी, सगळं माझ्या जिभेवर होतं. हे झाकण हातात धरून तसेच गुडघ्यावर होते आणि माझ्याकडे बघत होते. मी काय बोलते याची वाट बघत होते.

"माहीत होतं ना," मी लेकीला म्हटलं. "रस्त्यात पाणी फार होतं, म्हणून उशीर झाला."

हे तिथेच चिखलात मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. लेक माझ्या कडेवरून वाकून बघायला लागली.

"बाबांना काय झालं?" तिने विचारलं. चक्क मराठीत.

"दमलेत," मी म्हटलं.